कादरची गाणी आणि साहेबरावांची झडती

“आधी ह्याचे सेल काढ.”

साहेबरावांनी चहाची बशी बाजूला सारली आणि त्या मुलीसमोर हात पसरला. मुलगी गोंधळली. पिशवीतून काढलेला टेपरेकॉर्डर तिने नुकताच टेबलावर ठेवला होता, त्याला गुंडाळलेला टॉवेलही अजून पुरता सुटला नव्हता.

“काका, मी बटण दाबलेलंच नाही,” ती म्हणाली.

“म्हनूनच म्हनतो. दाबायच्या आत काढ.”

मी गल्ल्यावर बसून बघत होते. गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडच्या कंपन्या बंद, त्यामुळे हॉटेलात गिऱ्हाईक तुरळक आणि आमची नेहमीची मंडळी मात्र झाडून हजर. चिंचवड स्टेशनसमोरचं हे हॉटेल आमचे मालक गेल्यापासून मीच चालवते. कुसुमताईचं हॉटेल म्हटलं की कुणीही दाखवील. मुलीचा चेहरा बघून मला वाटलं, म्हणावं, साहेबराव, पोरीला आधी पाणी तरी पिऊ द्या. पण खोटं कशाला बोलू? संशय मलाही आला होता. आठ-नऊ वर्षं ज्याचा पत्ता नाही त्या कादरची मुलगी म्हणून कुणीतरी उठतं, टेप घेऊन येतं आणि म्हणतं, “त्यांची गाणी म्हणून दाखवा.” संशय येणार नाही तर काय येईल?

तिने मुकाट्याने झाकण उघडलं आणि सेल काढून दिले. साहेबरावांनी ते खाकी शर्टाच्या खिशात टाकले आणि वरून बटण लावलं.

साहेबराव ओव्हाळ हे कंपनीच्या फाटकावर वॉचमन होते. उभा जन्म झडती घेण्यात गेला. पाळी सुटली की कामगारांनी रांगेत यायचं, हात वर करायचे, साहेबरावांनी खिसे, कंबर, पायाच्या पोटऱ्या चाचपायच्या, डबा उघडून बघायचा आणि “हं, चल” म्हणायचं. माणूस सरळ, एका पैशाला कधी शिवला नाही, पण दुसऱ्या कुणावर विश्वास म्हणून नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात व्याहीभेट घेताना त्यांचा हात सवयीने व्याह्यांच्या खिशावर गेला. सगळा मांडव हसला, व्याही तेवढे हसले नाहीत. माझ्या हॉटेलात त्यांची खुर्ची ठरलेली. पाठ भिंतीला, तोंड दाराला. दुसऱ्या खुर्चीवर बसले तर त्यांना चहा गोड लागायचा नाही.

आता ‘ग्राइंडर्स’ म्हणजे काय ते सांगते, कारण तुम्ही हे नाव ऐकलेलं असायचं कारण नाही. त्याच कंपनीच्या ग्राइंडिंग खात्यातली चार पोरं. अडुसष्ट साली त्यांनी बँड काढला. सनई-ताशेवाला नव्हे, गिटारीवाला. कादर गायचा आणि गिटार वाजवायचा. उंच, सडपातळ, डोळ्यांवर केस. आता माझी पिठाची पिंपं ठेवलीत ना, त्या कोपऱ्यात बसून ते सराव करायचे. मालक ओरडायचे, “अरे, माझी कपबशी फुटेल त्या आवाजाने!” आणि स्वतःच बोटांनी टेबलावर ठेका धरायचे. गणपतीत, चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत, कंपनीच्या स्नेहसंमेलनात, जिथे बोलावतील तिथे ग्राइंडर्स जायचे. स्टेज नसेल तर ट्रकवर. आधी चार चालू हिंदी गाणी वाजवायचे, पोरं नाचून घ्यायची, आणि मग कादर माइकला तोंड लावून म्हणायचा, “आता आपलं.” की सगळीकडे चिडीचूप. कारण ‘आपलं’ म्हणजे कादरने स्वतः केलेलं गाणं. मशिनवरचं, भोंग्यावरचं, खोलीवर एकट्याने रांधून खायचं. अशी गाणी तोवर आम्ही ऐकलीच नव्हती. भजनं ऐकली होती, लावण्या ऐकल्या होत्या. पण आमच्या अंगाला येणारा ग्रीसचा वास गाण्यात येतो, हे कुणाला ठाऊक होतं!

मग ही गाणी कुठे गेली म्हणाल, तर त्याला कारण मुंबई आणि साहेबराव.

एकदा ग्राइंडर्स मुंबईला गेले. तिथल्या कुणा रेकॉर्डवाल्याने गाणी टेप करून घेतली आणि कळवतो म्हणाला. ते काही कळवणं झालं नाही. वर्षाभराने एक सिनेमा आला आणि साहेबराव थिएटरातून तणतणत बाहेर पडले. “चोरली! कादरची चाल हाय ही. सरळसरळ उचलली!” मला विचाराल तर मला ती चाल वेगळीच वाटली होती. पण साहेबरावांपुढे बोलायची सोय नव्हती. त्यांनी कादरला सांगितलं, “इथून पुढं तुझं गाणं टेप व्हता कामा नये. मी बगतो.” कादर नुसता हसला आणि म्हणाला, “बरं बाबा, तू बघ.”

आणि साहेबरावांनी बघितलं की! त्यानंतर ग्राइंडर्सचा एक कार्यक्रम असा झाला नाही की मांडवाच्या दाराशी साहेबराव नव्हते. गाणं ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाची झडती. पिशव्या, टोप्या, बायकांच्या हातातली बाळुती. पोलीस पाटलाची पिशवीसुद्धा सोडली नाही. कंपनीतून काही बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि मांडवात काही आत येऊ द्यायचं नाही, असा दुहेरी कारभार. त्यामुळे झालं काय, की गाणी कुणी चोरली नाहीत आणि कुणाजवळ राहिलीही नाहीत.

आणखी एक गंमत. तेव्हापासून साहेबरावांनी ग्राइंडर्सचा एकही कार्यक्रम डोळ्यांनी पाहिला नाही. दाराशी उभे, तोंड गर्दीकडे, पाठ स्टेजकडे. लेथवरचा मालोजी त्यांना नेहमी चिडवायचा, “साहेबराव, तुम्ही पंगतीला बसून ताटाकडे पाठ करणारे!” तेव्हा साहेबराव मिशीत हसून सांगायचे, “तुमी बगत बसा. गानं आधी माज्या कानात यायचं, मग तुमच्या.” आणि ते खरं होतं. संध्याकाळी फाटकावर कादरचा नंबर आला की तो हात वर करायचा, साहेबराव खिसे चाचपायचे, आणि तेवढ्यात कादर मान वाकवून त्यांच्या कानाशी नव्या गाण्याची ओळ गुणगुणायचा. आज एक, उद्या दुसरी. गाणं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, असा दोघांचा करार होता. मागे रांगेत पोरं बोंबलायची, “अरे, कादरकडे काय सोन्याची खाण सापडली का?”

चौऱ्याहत्तरच्या सुमारास कादर गेला. एका गुरुवारी गावाला गेला तो परत आलाच नाही. मंडळींनी ठरवून टाकलं की तो मुंबईला गेला, सिनेमावाल्यांकडे. सर्वांत जास्त साहेबरावांना लागलं. “सांगून गेला असता तर मी काय अडवनार व्हतो का त्याला?” एवढंच एकदा म्हणाले आणि पुढे कादरचं नाव निघालं की चहा अर्धा सोडून उठायचे. ग्राइंडर्सही संपले. ड्रमवाला आखातात गेला, एक वारला, एक आता सत्संगाला जातो आणि मागचं काही विचारलं की डोळे मिटून घेतो. आम्ही मात्र दर गुरुवारी जमत राहिलो आणि त्याच त्या आठवणी उगाळत राहिलो.

आणि आता ही मुलगी.

“नाव काय म्हनलीस?” साहेबरावांनी विचारलं.

“जैतून.”

“कादर कुठं असतो?”

“चाकणला. आम्ही तिथलेच. मोटारी भरायचं दुकान आहे आमचं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी.”

मालोजीने पाव चहात बुडवला होता तो तसाच राहिला. मालोजी म्हणजे बोलायला पहिला आणि ग्राइंडर्सचा वेडा. “चाकणला?” तो ओरडला. “कांद्याच्या बाजारात? अगं, आम्ही त्याला मुंबईत समजत होतो! चाकण काय, सायकल मारली तरी माणूस पोचतो!”

“अन् सोता का न्हाई आला तो?” साहेबराव.

जैतूनने मान खाली घातली. “अब्बांना झटका आला. उजवं अंग गेलं. बोलता येत नाही. समजतं सगळं, पण शब्द येत नाही तोंडातून. डॉक्टर म्हणाले, कधी कधी माणसाला बोलता येत नाही पण जुनं गाणं म्हणता येतं. त्यांचं आवडीचं ऐकवत जा, एखादे वेळी त्या वाटेने बोलणं परत येईल. मी रेडिओ लावला, कॅसेटी आणल्या. काही नाही. मग अम्मी म्हणाली, त्यांची स्वतःची गाणी होती पिंपरीला. पण तिने कधी ऐकली नाहीत. ती गावाला असायची ना.”

मला गलबलून आलं. पण साहेबरावांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

“तू त्याची लेक. मग त्याच्या गान्याची एक वळ म्हनून दाखव. कंची बी.”

“मला येत नाहीत. ते घरी कधी गायलेच नाहीत.”

साहेबरावांनी सगळ्यांकडे बघितलं, जणू चोर मुद्देमालासह सापडला. मालोजीनेही मान हलवली. “पोरी, हे काही पटत नाही हं. कादर आणि गायचा नाही? अगं, तो चहासुद्धा चालीवर मागायचा.”

“मी खरं सांगते.”

“पुन्यात कॅसेटी काडनाऱ्यांचं पीक आलंय,” साहेबराव म्हणाले. “जुन्या चाली गोळा करत फिरत्यात. झटका आलाय म्हनायचं, डोळ्यातून पानी काडायचं. लई बगितली मी. एक गडी तर मेलेल्या आईच्या अंत्यविधीला जातो म्हनून डब्यात तांब्याची तार घालून चालला व्हता.”

जैतून उठली. डोळे भरले होते, पण आवाज चढवला नाही. “माझे सेल द्या.”

“सेल माज्यापाशी ऱ्हातील. फुडच्या गुरुवारी ये. कायतरी खूण आण त्याची. मग बगू.”

ती गेली. मी पैसे घेतले नाहीत चहाचे. आणि ती दिसेनाशी झाल्यावर साहेबरावांना म्हटलं, “ही कुठली रीत हो? चोर म्हणून समजा हवं तर, पण सेल कसले ठेवून घेता? तुम्हीच चोर ठरलात की!”

“कुसुमताई, तुमी भोळ्या.”

“मी भोळी तर भोळी. पण ती खरी असली तर?”

मालोजी म्हणाला, “असली तर देऊ की चार गाणी, त्यात काय! मला सगळी पाठ आहेत. ते हे नाही का...” आणि त्याने सुरुवात केली,

“भोंगा झाला, पाय निघाले...”

आणि अडकला. पुढे काय ते त्याला आठवेना. मला आठवत होतं की पुढे काहीतरी हातांचं आहे. दुसरा कुणी म्हणाला, नाही, पुढे आईचं आहे. मग वाद. मालोजीला कादरचा लाल शर्ट आठवत होता, त्याची बटणंसुद्धा आठवत होती. ट्रकवरून ड्रम घरंगळला तो प्रसंग त्याने पुन्हा साभिनय करून दाखवला. मला आठवत होतं की वस्तीतल्या जयंतीला दिवे गेले आणि कादर अंधारात नुसत्या आवाजावर गात राहिला, तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी रडत होती. पण काय गात होता? एक ओळ सांगता येईना. इतकी वर्षं दर गुरुवारी आम्ही ग्राइंडर्स, ग्राइंडर्स करत होतो आणि आमच्याजवळ होते शर्ट, दिवे आणि ड्रम. गाणं कुणाजवळच नव्हतं. आम्ही सगळे बघत बसलो होतो ना.

“हात अजून मशिनवरती,” साहेबराव भिंतीकडून म्हणाले. कुणाकडेही न बघता त्यांनी पुढचं म्हटलं,

“भोंगा झाला, पाय निघाले,
हात अजून मशिनवरती.
घरी जाऊन जेवशील कशाने,
विचारते ती भाकर परती.”

सुरात नव्हतं, हजेरी घेतल्यासारखं म्हटलं. पण अख्खं. मालोजी आ वासून बघत राहिला. मग साहेबराव उठले आणि छत्री काखेत मारून निघून गेले. त्यांच्या खिशातले सेल चालताना एकमेकांवर आपटत होते.

तो आठवडा मला काही बरा गेला नाही. भजी तळताना तेच, हिशेब करताना तेच. ती खरी असली आणि परत आलीच नाही तर? आपण तिला हाकलून दिलं, असंच ना? आणि ती खोटी असली तर तिला सेल तरी कशाला परत हवेत, बाजारात मिळतात की. असं उलटसुलट चालायचं. साहेबराव येता-जाता दारातून डोकवायचे आणि विचारायचे, “आली व्हती का?” मी म्हणायची, “गुरुवारी बोलावलंत ना तुम्ही?” म्हणजे त्यांनाही झोप नव्हती.

गुरुवारी ती आली. तीच पिशवी, तोच टॉवेल. बसली नाही, उभीच राहिली.

“खूण?” साहेबरावांनी विचारलं.

“खूण काही नाही,” ती म्हणाली. “घरात त्यांची गिटारसुद्धा नाही. पण मी त्यांना तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, फाटकावरचे साहेबराव भेटले, ते विश्वास ठेवत नाहीत. तर त्यांनी हात वर केला.”

“म्हंजी?”

“असा.” तिने डावा हात सरळ वर केला आणि मान बाजूला वाकवली. “आणि खाली घेईनात. अम्मीला वाटलं फळीवरचं काहीतरी मागतात. तिने डबा काढून दिला. मग कंदील दिला, मग भिंतीवरची तसबीर. ते नाही नाही म्हणून मान हलवायचे आणि पुन्हा हात वर. आम्हाला कळेना. शेवटी रडायला लागले. तुम्हाला काही कळतंय का?”

साहेबरावांनी हातातला कप ठेवला, पण बशीवर नाही, टेबलाच्या अगदी कडेला. मी धावत जाऊन उचलला म्हणून वाचला.

“मान कुन्या अंगाला केली?” त्यांनी विचारलं. आवाज वेगळाच येत होता.

“अशी. खाली. कुणाच्या कानात सांगतात तशी.”

साहेबराव उठले. टोपी घातली. “चल.”

“कुठे?”

“चाकनला.”

मी गल्ल्याला कुलूप घातलं, मालोजीला हॉटेलवर बसवलं आणि त्यांच्यामागे निघाले. मला विचारलंच नव्हतं कुणी, पण ह्या माणसाचा काय भरवसा, वाटेत पुन्हा पोरीची झडती घ्यायचे! नाशिक फाट्यावर आम्हाला एस.टी. मिळाली. आणि तसंच झालं. भोसरी मागे पडेपर्यंत त्यांची उलटतपासणी चालूच. दुकान रस्त्याच्या कुठल्या अंगाला? घरात कोण कोण? झटका कधी आला? जैतून शांतपणे सांगत होती. मला तर वाटलं, आता ते संशय घेत नव्हते. गप्प बसलं तर काहीतरी दुसरंच आत उसळून येईल, त्याची त्यांना भीती वाटत होती.

मीच शेवटी विचारलं, “का गं, त्या वेळी सांगून नाही गेले तुझे अब्बा?”

“आजोबा वारले अचानक. दुकान, आत्यांची लग्नं, सगळं यांच्यावर पडलं. परत जातो, परत जातो म्हणत राहिले. मग लाज वाटायला लागली असेल. अम्मी म्हणायची, एकदा जाऊन भेटून तरी या. तर म्हणायचे, मी कशाला जाऊ? साहेबराव येईल बघ. त्याला शोधल्याशिवाय चैन पडायची नाही.”

साहेबराव खिडकीशी होते. बाहेर मोशीची शेतं होती, त्यांच्याकडे बघत राहिले. चाकण येईपर्यंत पुन्हा एक प्रश्न विचारला नाही. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. साऱ्या जगाची झडती घेणारा माणूस, आणि एवढ्याशा वाटेवर एकदाही बघायला आला नाही! आणि मी तरी कुठे आले होते? आम्ही सगळेच रुसून बसलो होतो. रुसायला काय लागतं?

दुकान बाजाराच्या मागच्या बाजूला होतं. तांब्याच्या तारांची भेंडोळी, उघडून ठेवलेल्या मोटारी, वार्निशचा उग्र वास. मागच्या खोलीत बाजेवर उशीला टेकून कादर बसला होता. मी ओळखलंच नसतं. केस पांढरे, गालाची एक बाजू ओघळलेली, उजवा हात मांडीवर पडलेला. डोळे मात्र तेच. जैतूनची आई लगबगीने पदर सावरून उभी राहिली आणि मला आत बस म्हणाली, पण मी दारातच थबकले, कारण साहेबराव दारातच थबकले होते.

कादरने त्यांना पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने डावा हात उचलला आणि हळूहळू वर नेला, अगदी डोक्याच्या वर.

“दोनी,” साहेबराव म्हणाले.

सवयच ती. उभ्या जन्माची. तोंडातून निघून गेलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मी तोंडाला पदर लावला. जैतूनच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. पण कादर रागावला नाही. त्याच्या धड असलेल्या गालावर हसू आलं. तो मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बघू लागला.

साहेबराव पुढे गेले. बाजेवर त्याच्या शेजारी बसले. त्याचा उजवा हात त्यांनी मनगटाशी धरला आणि स्वतःच्या हाताने वर केला, जपून, जितका जाईल तितका. मग एका हाताने तो तसाच धरून दुसऱ्या हाताने झडती घेतली. छातीचा खिसा. बगल. कंबर. सगळं रीतसर. कादरने मान वाकवली आणि तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

आम्हाला काही ऐकू आलं नाही. मला नाही, त्याच्या बायकोला नाही, पोरीला नाही. ओठ हलताना दिसले एवढंच. साहेबरावांचा चाचपणारा हात थांबला. ते डोळे मिटून ऐकत होते.

“हं,” ते शेवटी म्हणाले. “चल.”

त्यांनी तो हात हळूच मांडीवर ठेवला. मग शर्टाच्या खिशाचं बटण काढलं, सेल बाहेर काढले, टेपरेकॉर्डर जैतूनकडून मागून घेतला आणि एकेक सेल स्वतः बसवला. एक उलटा बसला, तो काढून पुन्हा घातला.

“दाब आता,” ते जैतूनला म्हणाले.

आणि उभे राहिले. कादरकडे पाठ, तोंड दाराकडे. त्याशिवाय त्यांना आठवलंच नसतं. मग म्हणाले ते भोंग्याचं, स्टेशनवर उभं राहून आपली गाडी कधी येते म्हणणारं, खोलीवरच्या स्टोव्हचं. एकामागून एक, एक ओळ न चुकता. आवाज घोगरा, सूर मधूनच घसरायचा, पण कुणाला त्याचं काय! जैतून पहिल्यांदाच बापाची गाणी ऐकत होती, ती टेपकडे बघतच नव्हती, बापाकडे बघत होती. कादरच्या डाव्या हाताची बोटं गोधडीवर गिटारीचे सूर दाबत होती. त्यांतलं एकही गाणं त्याने तोंडाने म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले होते तसं काही झालं नाही. तो नुसता ऐकत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्याच्या मनातही आलं नाही.

परतीच्या गाडीत मला राहवेना. “साहेबराव, कानात काय बोलले हो ते?”

“बोलला न्हाई. गायला.”

“शब्द आले?”

“आलं. अडकत अडकत, पन आलं.”

“अगं बाई! मग पोरीला सांगायचं होतं की! टेप करायचं होतं! कुठलं गाणं?”

साहेबरावांनी पुढच्या बाकावरच्या माणसाकडे बघितलं, मग मागच्या बाकावर दूधवाले बसले होते त्यांच्याकडे. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “नवं हाय.”

“म्हणून दाखवा ना.”

“न्हाई कुसुमताई. एकच वळ झाली अजून. पुरं झाल्याबिगर कुनाला सांगायचं न्हाई, असं ठरलंय आमचं.”

त्यानंतर दर गुरुवारी साहेबराव चाकणला जायचे. आमच्या बैठकीला येणं बंद झालं. जाताना दारातून हात करायचे. मालोजी ओरडायचा, “काय, आज काय मुद्देमाल मिळणार?” ते हसून पुढे जायचे. जैतून एकदा हॉटेलात आली तेव्हा सांगत होती, अब्बा आमच्याशी अजून बोलत नाहीत, पण गुरुवारी सकाळपासूनच दाराकडे बघत बसतात. काका आले की हात वर. झडती झाली की दोघं चहा पितात.

थंडीत कादर गेला. दुसरा झटका आला आणि सकाळ उजाडायच्या आत आटोपलं. मयतीला आमच्याकडची पुष्कळ माणसं चाकणला गेली. दुपारी मंडळी परत आली, मालोजी डोळे पुसत आला, आणि सगळ्यांच्या मागून साहेबराव. मी त्यांची खुर्ची पुसून ठेवली होती, भिंतीजवळची. ते तिच्याकडे गेले नाहीत. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि पिठाच्या पिंपांच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसले. दार त्यांच्या पाठीशी होतं. येणारी-जाणारी माणसं त्यांच्या मागून येत-जात होती आणि त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.

मी चहा नेऊन ठेवला. विचारू नये असं वाटत होतं, पण विचारलं. “साहेबराव, ते गाणं पुरं झालं का त्यांचं?”

ते त्या कोपऱ्याकडे बघत होते.

“एक वळ ऱ्हायली,” ते म्हणाले.

चहा निवून गेला तसा मी दुसरा आणून ठेवला.